लॉजिस्टच्या शेपट्या

तर काल आपण थांबलो ते इथं: मशीनवर पोटाच्या डॉक्टरांचा पांढरा कोट, मावशीचे दोन्ही पाय पायडलवर आणि उजव्या हाताचा तळवा हनुवटीखाली. ओठ हलतायत, मशीन मात्र गप्प. दारावरून जाणारा प्रत्येक जण विचारतोय, "मावशी, दाढ दुखते का?" दातांच्या डॉक्टरांनी तर जाता जाता आत डोकावून "आ करा बघू" असं म्हटलंसुद्धा. मावशीनं आ केला नाही. म्हणाली, "दाढ ठणठणीत आहे डॉक्टर. शब्द अडकलाय."

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागं जायला हवं. हे हॉस्पिटल भलं मोठं. त्याच्या मागच्या अंगाला, लाँड्री आणि औषधांच्या कोठाराच्या मधे, चिंचोळी शिवणखोली. खोलीत एक पायमशीन, एक कापायचं टेबल, एक इस्त्री आणि एक खिडकी. खिडकीतून थेट मोठं गेट दिसायचं. कोण आलं, कोण रडत आलं, कोण फुलं घेऊन आलं, कुठल्या नर्सला सोडायला कोण आलं, सगळी खबर मावशीला सगळ्यांच्या आधी. चादरी, पडदे, पेशंटचे झगे, डॉक्टरांचे कोट, जे काही विरलं-फाटलं ते या खोलीत यायचं आणि धड होऊन बाहेर पडायचं.

पण मावशीचं खरं कसब शिवण्यात नव्हतं, उसवण्यात होतं. जुना कोट हातात आला की ती कात्रीकडे बघायचीसुद्धा नाही. ब्लेडच्या टोकानं शिवण शोधायची, एकच टाका तोडायची, दोरा अलगद ओढायची, की बाही वेगळी, पाठ वेगळी, कॉलर वेगळी, सगळा कोट टेबलावर सुटा होऊन पडायचा. कापडाला ओरखडा नाही. "फाडायला काय, कुणीही फाडेल," ती म्हणायची. "उसवायला डोळा लागतो." म्हणून सगळे तिला उसवणमावशी म्हणायचे. तिचे यजमान बसवर कंडक्टर होते, आता निवृत्त. ते म्हणायचे, "भांडतानाही हिची रीत तीच. आवाज नाही, आदळआपट नाही. एकेक टाका काढते, आणि शेवटी माणूस सुटा होऊन खुर्चीत पडतो."

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना हॉस्पिटलला नवे सुपरिंटेंडेंट आले. उंच, कडक इस्त्रीचे, डाव्या हातात छातीशी कायम एक निळी फाईल धरलेले. झोपेतसुद्धा ती फाईल तशीच असणार, यावर नर्सेसच्या पैजा लागलेल्या. नवी इमारत बांधून झाली होती, उद्घाटन तोंडावर आलं होतं. साहेबांनी फर्मान काढलं: प्रत्येक डॉक्टरच्या कोटावर तो कशाचा डॉक्टर हे इंग्रजीत, भरतकामात, पूर्ण लिहिलेलं पाहिजे. आद्याक्षरं चालणार नाहीत. आणि पलंगावरच्या पेशंटला दारातल्या डॉक्टरचा कोट वाचता आला पाहिजे.

मग साहेब स्वतः शिवणखोलीत आले. मशीनकडे बघितलं, मावशीकडे बघितलं, खिडकीकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

"मावशी, स्पष्टच सांगतो. हे काम बाहेरच्या कारखान्याला द्यावं असं माझं मत आहे. तुम्हाला जमलं तर ही खोली राहील. नाही जमलं, तर इथं जुन्या खुर्च्या ठेवू आणि तुम्हाला लाँड्रीत घेऊ. उद्घाटनानंतर निर्णय."

लाँड्री! मावशीला वाफेचं भय नव्हतं, ओझ्याचंही नव्हतं. पण तिथल्या मशिनींची घरघर अशी की शेजारच्याला हाक मारायची तर ओलं फडकं फेकून मारावं लागायचं. खिडकी नाही, गेट नाही, गप्पा नाहीत. मावशीला लाँड्रीत पाठवायचं म्हणजे माशाला कपाटात ठेवायचं.

"जमेल की साहेब," ती म्हणाली. साहेब वळल्यावर तिनं त्यांनी दिलेल्या यादीतला पहिला शब्द पाहिला आणि मटकन स्टुलावर बसली. तो शब्द होता गॅस्ट्रोएंटेरॉलॉजिस्ट. कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, मालगाडीसारखा.

मावशीचं शिक्षण गावच्या शाळेतलं. सगळ्या वर्गांना मिळून एक खोली आणि एक गुरुजी. इंग्रजी गुरुजींना बेताचंच यायचं, पण त्यांची एक युक्ती फार नामी होती. ते म्हणायचे, "लांब शब्द दिसला की घाबरायचं नाही. तो एका दमात गिळायचा नसतो, घासाघासानं खायचा असतो. हात हनुवटीखाली धरा आणि शब्द बोला. जबडा जितक्या वेळा हातावर टेकेल तितके घास." मग अख्खा वर्ग हनुवटीखाली हात धरून जबडे हलवायचा. पहिल्या दिवशी बाहेरून जाणाऱ्या एका आजोबांना वाटलं, शाळेत दातांची साथ आली. ते घरोघर सांगत सुटले आणि तीन-चार आया लवंगा घेऊन शाळेत हजर झाल्या.

तीच युक्ती मावशीनं आता बाहेर काढली. घरी जेवताना यजमानांना म्हणाली, "अहो, तुम्ही बसवर इंग्रजी पाट्या वाचायचात ना? हा शब्द वाचा."

कंडक्टरसाहेबांनी चष्मा लावला, शब्द वर-खाली न्याहाळला आणि म्हणाले, "गॅस."

"आणि पुढचं?"

"पुढचं कशाला? पॅसेंजरला कळलं म्हणजे झालं. मी आयुष्यभर प्रत्येक स्टॉपचं शेपूट तोडूनच ओरडलो. एकही माणूस चुकीच्या ठिकाणी उतरला नाही."

"साहेबांना शेपूट हवंय. हनुवटीखाली हात धरा आणि बोला."

"जेवू तरी दे!"

"घास गिळा आणि बोला."

मग दोघं समोरासमोर, हात हनुवटीखाली. गॅस. ट्रो. एन. टे. रॉ. लॉ. जिस्ट. जबडा सात वेळा हातावर टेकला. यजमान खूश, मावशी मात्र हवालदिल. "सात! आता कोटाला सात खिसे लावू की काय? डॉक्टर म्हणायचा की पोस्टाच्या पेट्या?"

कारण अडचण अशी होती: डॉक्टरांच्या कोटाला छातीवर एकच खिसा, तो डाव्या बाजूला. दारातून दिसायचं तर अक्षर अंगठ्याएवढं हवं. तेवढी अक्षरं खिशावर जेमतेम अर्धा डझन मावत. उरलेला शब्द पाठीवरून वळवून न्यावा लागला असता.

कारखान्यानं नमुन्याचा एक कोट पाठवला होता. त्यांनी ही अडचण फार सरळ सोडवली होती. जागा संपली तिथं शब्द संपवला होता. मोठ्या सिस्टरनं तो कोट मावशीला दाखवला. ही सिस्टर म्हणजे सगळ्या नर्सेसची मुख्य, करडी, पण मावशीकडे आली की दहा वर्षांनी लहान व्हायची.

"फाडलाय शब्द," मावशी कोट उलटा-सुलटा करत म्हणाली. "उसवलेला नाही. पण सिस्टरबाई, मलाही शिवण सापडत नाही हो. जबडा सांगतो तुकडे किती. जोड कुठं आहे ते सांगत नाही."

"अगं, जोड अर्थाला असतो," सिस्टर म्हणाली. "हे बघ. गॅस्ट्रो म्हणजे पोट. एंटेरो म्हणजे आतडी. लॉजिस्ट म्हणजे त्यातला जाणकार."

मावशी बघतच राहिली. "म्हणजे सात तुकडे नाहीतच! तीनच कापडांचा झगा आहे हा. पोट, आतडी, जाणकार."

"तसंच."

"आणि हा कार्डिओलॉजिस्ट?"

"कार्डिओ, हृदय."

"शेपूट तेच?"

"तेच."

"न्यूरो?"

"मेंदू आणि नसा. शेपूट तेच."

"आणि हा रेडिओ? हा रेडिओ दुरुस्त करतो?"

सिस्टर इतकी हसली की तिच्या टोपीची पिन मशीनच्या दातात पडली. ती शोधता शोधता मावशीच्या डोक्यात दिवा लागला. तिला आणखी एक गोष्ट दिसली होती. कार्डिओ, न्यूरो, रेडिओ, गॅस्ट्रो, सगळ्यांच्या शेवटी 'ओ'. इंग्रजीतलं ते गोल अक्षर. "हे बटण आहे," ती म्हणाली. "पुढचं कापड मागच्या कापडाला अडकवायचं बटण! कुणी शिवले गं हे शब्द? टेलर बरा होता."

त्या दिवसापासून शिवणखोलीत जे सुरू झालं ते कुठल्याही कारखान्यात झालं नसतं. मावशी कॉलरी जशा आधी एकगठ्ठा कापून ठेवायची, तशा तिनं लॉजिस्टच्या पट्ट्या एकगठ्ठा भरून ठेवल्या. निळ्या दोऱ्यात, एकसारख्या. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात पट्ट्यांची चळत. डॉक्टर आला की पुढचं कापड तेवढं भरायचं आणि शेपूट डब्यातून काढून लावायचं. कोटाच्या उजव्या छातीवर तिनं डाव्याच्या जोडीचा नवा खिसा लावला, म्हणजे अर्धा शब्द इकडे, अर्धा तिकडे. पोटाच्या डॉक्टरांची आतडी शेपटीच्या वर, वेगळ्या ओळीत.

पहिला तयार झाला तो हृदयाच्या डॉक्टरांचा कोट. आणि तिथंच मावशीनं माती खाल्ली.

टेलर माणूस डावं-उजवं धरतो ते अंगात घालणाऱ्याचं. डावी बाही म्हणजे घालणाऱ्याची डावी. हयातभराची सवय. त्याच सवयीनं मावशीनं शब्दाचं डोकं डाव्या खिशावर लावलं आणि शेपूट उजव्यावर. वाचणारा असतो समोर, हे ध्यानातच आलं नाही. हृदयाचे डॉक्टर सकाळी ऐटीत कोट घालून निघाले आणि दुपारपर्यंत सगळ्या वॉर्डांतून 'लॉजिस्टकार्डिओ' म्हणून फिरले. कुणी बोललं नाही. बोलायला तोंड मोकळं कुणाचं होतं? सगळे आपापल्या रुमालात. शेवटी एका पेशंटनंच विचारलं, "डॉक्टर, तुम्ही उलटे तपासता का?"

डॉक्टर तरातरा शिवणखोलीत. मावशीनं कोटाकडे बघितलं, मग आरशासारखी त्यांच्यासमोर उभी राहिली, आणि कपाळावर हात मारला. "खिसे बरोबर आहेत डॉक्टर, मी चुकीच्या बाजूला उभी होते." दोन पट्ट्या उसवल्या, अदलाबदल केली, चहा थंड व्हायच्या आत कोट परत. डॉक्टर हसत गेले. मावशी मात्र खिडकीशी जाऊन उभी राहिली. ही चूक साहेबांच्या डोळ्यांनी पाहिली असती, तर खुर्च्या आजच आल्या असत्या.

पुढं काम झपाझप उरकलं. उद्घाटनाच्या दोन दिवस आधी सगळे कोट खुंट्यांवर. आणि डब्यात बघते तर शेपट्या उरलेल्या! तिला वाटलं होतं, डॉक्टर म्हटला की लॉजिस्ट असणारच. पण सर्जनला ते शेपूट नव्हतं, दातांच्या डॉक्टरांना नव्हतं, भूल देणाऱ्या बाईंचं शेपूट निराळंच निघालं. निळ्या दोऱ्यात सुबक भरलेल्या पट्ट्या, आणि त्यांना डोकं नाही.

शिवलेलं फेकणं मावशीच्या रक्तात नव्हतं. ती खिडकीतून बघत बसली. गेटवर गेटवाला उभा होता, नेहमीसारखा, एका रडवेल्या बाईला हातवारे करून वाट सांगत. मावशीच्या गालावर ती खळी पडली, जी पडली की यजमान घरात चपला शोधायला लागतात.

"दादा, जरा इकडे ये. तुला काय काय येतं?"

"गेट उघडता येतं, मावशी. लावता येतं."

"आणखी?"

"आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरून कळतं कुठल्या खोलीत पाठवायचं. वीस वर्षं तेच करतोय."

"म्हणजे गेटमधला जाणकार. काढ शर्ट."

गेट, बटणाचा ओ, आणि डब्यातलं शेपूट. गेटोलॉजिस्ट! संध्याकाळपर्यंत बातमी पसरली. स्वयंपाकघरातली बाई किचनोलॉजिस्ट झाली. लिफ्टवाला लिफ्टोलॉजिस्ट. मावशीनं सगळ्यांकडून शपथ घेतली: हे घरी मिरवायचं, ड्यूटीवर नाही. सगळ्यांनी गळ्याला हात लावून शपथा घेतल्या. गेटवाल्यानं तर दोनदा घेतली.

त्याच दिवशी साहेबांचाही कोट आला. सुपरिंटेंडेंट. मावशीनं हनुवटीखाली हात धरला, जबडा मोजला, मग सिस्टरला विचारलं. "सुपर म्हणजे वरचा," सिस्टर म्हणाली. "आणि पुढचं म्हणजे देखरेख करणारा." मावशीनं मान डोलावली. शिवण सापडली होती. उजव्या खिशावर सुपर. डाव्या खिशावर, दोन ओळींत, इंटेंडेंट.

"डाव्या खिशावर?" सिस्टरनं विचारलं. मग तिच्या डोळ्यांसमोर साहेब उभे राहिले, आणि ती घाईघाईनं वॉर्डात निघून गेली.

उद्घाटनाचा दिवस. हॉस्पिटल चालवणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षीणबाई आल्या. वय झालेलं, हातात काठी, गाडीतून उतरतानाच कण्हत होत्या. समोर गेटवाला, धुतलेला, भांग पाडलेला, आणि अंगात कुठला शर्ट? तोच! शपथ दोनदा घेणाऱ्याचा भरवसा धरू नये, हे मावशीला तेव्हा कळलं. खिडकीतून तिनं पाहिलं आणि तिच्या हातातली कात्री टेबलावर पडली.

अध्यक्षीणबाई थांबल्या. चष्मा नाकावर चढवून शर्ट वाचला. आणि तिथंच, गेटात, गुडघ्याची सगळी कहाणी सांगायला बसल्या. कधीपासून दुखतो, कुठं ठणकतो, जिना चढताना काय होतं. गेटवाला जसा रोज ऐकतो तसा ऐकत राहिला. मधे बोलला नाही, घड्याळ बघितलं नाही. सगळं झाल्यावर म्हणाला, "पहिल्या मजल्यावर उजवीकडे हाडांचे डॉक्टर. पण जिन्यानं नको, बाई. लिफ्टनं जा."

सगळा कार्यक्रम आटोपला. साहेब उजवा हात हलवत पाहुण्यांना इमारत दाखवत हिंडले, डाव्या हातात निळी फाईल छातीशी. जिथून ते गेले तिथं मागं नर्सेसच्या माना खाली आणि खांदे गदगद. साहेबांना वाटलं, आपला दरारा.

दुपारी मावशीला ऑफिसात बोलावणं आलं. गळ्यात टेप तशीच, सुई टोचू नये म्हणून बोटात चढवलेलं अंगुस्तान तसंच. आत साहेब, मोठी सिस्टर, आणि कोपऱ्यात टोपीनं खिसा झाकून उभा असलेला गेटवाला.

"काढ टोपी," साहेब म्हणाले. टोपी निघाली. "मावशी, हे काय आहे?"

"गेटोलॉजिस्ट."

"ते मला वाचता येतं! अध्यक्षीणबाईंनी पंचवीस पाहुण्यांसमोर मला काय विचारलं, माहीत आहे? हा विभाग नवीन सुरू केलात का?"

"मग साहेब, तुम्ही काय म्हणालात?"

साहेबांनी टेबलावरचा पेपरवेट उगाच इकडून तिकडे सरकवला. सिस्टर खिडकीबाहेर बघायला लागली.

"मी म्हणालो... आत्ताच सुरू केलाय."

कोपऱ्यात गेटवाल्याच्या घशातून कसलासा आवाज आला. त्यानं तो खोकल्यावर ढकलला.

"बाई म्हणाल्या," साहेब नाइलाजानं पुढं बोलले, "इतक्या वर्षांत इतकं शांतपणे कुणी माझं ऐकून घेतलं नव्हतं. विभाग चांगला आहे, कोट चांगले आहेत, जिनं कुणी ही कल्पना काढली तिला जपा. आता मला सांगा, मावशी, मी काय करू? विभाग बंद केला तर मी खोटा पडतो. शिवणखोली बंद केली तर बाईंना काय सांगू?"

मावशीनं टेप गळ्यातून काढून हाताला गुंडाळली, परत सोडली. "शेपट्या मी उसवून देते साहेब. आत्ताच देते. कापडाला खूण राहायची नाही."

"उसवा. लिफ्टचं आणि किचनचंही उसवा, ते मी येताना पाहिलं." साहेब उठले. दाराकडे जाता जाता थांबले. "गेटचं राहू दे. आणि खोलीही राहू दे. खुर्च्या ठेवायला दुसरी जागा बघतो."

मावशीनं टेप परत गळ्यात टाकली. सिस्टरनं मागून तिच्या पाठीवर हात ठेवला. साहेबांनी मागं येऊन टेबलावर राहिलेली निळी फाईल उचलली, नेहमीसारखी छातीशी धरली आणि दाराजवळच्या काचेच्या कपाटात सहज पाहिलं. तिथंच थबकले. काचेत उजवं-डावं उलटं दिसतं, पण चार-पाच अक्षरं उलटी वाचायला कितीसा वेळ लागतो! त्यांनी फाईल खाली घेतली. पूर्ण शब्द. परत छातीशी धरली. अर्धा शब्द.

सकाळपासून हॉस्पिटलभर हा माणूस फक्त 'सुपर' म्हणून हिंडत होता. नर्सेसचं हसू, पाहुण्यांचे टाळीला पुढं आलेले हात, एका छोट्या पेशंटनं मारलेला सलाम, सगळं एकदम त्यांच्या ध्यानात आलं. कान लाल झाले. ते सावकाश मावशीकडे वळले.

"मावशी, खरं सांगा. हे मुद्दाम केलंत ना?"

मावशीनं डोळे मोठ्ठे केले, हात हनुवटीखाली धरला आणि म्हणाली, "साहेब, शब्द मी शिवणीवरच उसवला, सिस्टरबाईंना विचारून. फाईल कुठल्या खिशावर धरायची, ते काय मी शिवून दिलं होतं?"